शाळा बांधणारा व्यापारी

शाळा कोणी बांधावी, हा प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. लोक सरकारला कर देतात, तेव्हा शाळा बांधणे हे सरकारचे काम आहे, असे काही जण म्हणतील. मुले गावाची आहेत, तेव्हा शाळाही गावानेच बांधावी, असे दुसऱ्यांचे मत पडेल. ज्यांच्यापाशी अमाप पैसा आहे, त्यांनी थोडा हात सैल सोडला तर शाळांना काय तोटा, असेही कोणी विचारील. अमेरिकेतील एका व्यापाऱ्याने या तिन्ही उत्तरांची सांगड घातली आणि अवघ्या वीस वर्षांत खेड्यापाड्यांतून जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. त्या व्यापाऱ्याचे नाव ज्यूलियस रोझेनवाल्ड.

ज्यूलियसचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी झाला. अब्राहम लिंकन यांचे घर याच गावात होते. ज्यूलियस जन्मला तेव्हा लिंकन राष्ट्राध्यक्ष होते आणि गुलामगिरीच्या प्रश्नावरून देशात यादवी युद्ध पेटले होते. ज्यूलियसचे आईवडील जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले ज्यू होते. वडिलांचा तयार कपड्यांचा व्यापार होता. घरची स्थिती बरी असली तरी मुलाला आयते खाण्याची सवय लागू नये, अशी शिस्त घरात होती. म्हणून सुट्टीच्या दिवसांत लहानसहान कामे करून तो चार पैसे मिळवी. त्याचे माध्यमिक शिक्षणही पुरे झाले नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि कपड्यांचा धंदा शिकण्यासाठी तो न्यूयॉर्कला आपल्या मामांकडे गेला. ज्याने पुढे हजारो शाळांना हातभार लावला, त्याच्या स्वतःच्या पदरी मात्र शाळेचे शिक्षण असे अर्धेमुर्धेच पडले होते.

न्यूयॉर्कमध्ये धंद्यातील खाचाखोचा शिकून रोझेनवाल्ड शिकागोला आले आणि त्यांनी तयार कपड्यांचा कारखाना काढला. त्या काळी सीअर्स, रोबक नावाची एक कंपनी टपालाने माल विकत असे. दूरच्या खेड्यातील शेतकऱ्याला गावच्या एकुलत्या एका दुकानात जे मिळेल ते आणि सांगतील त्या भावाने घ्यावे लागे. सीअर्सचे जाडजूड सूचिपत्र घरी आले म्हणजे त्याला कपडे, भांडी, अवजारे, शिवणयंत्रे असे हरतऱ्हेचे जिन्नस घरबसल्या निवडता येत. कंपनीचे संस्थापक रिचर्ड सीअर्स हे जाहिरातीच्या कलेत मोठे निपुण होते. परंतु कारभारात शिस्त नव्हती आणि कित्येकदा मालापेक्षा मालाचे वर्णनच भारी असे. इ. स. १८९५ मध्ये रोझेनवाल्ड या कंपनीत भागीदार झाले. मागणी आली की माल वेळेवर गेला पाहिजे, सूचिपत्रात जे लिहिले असेल तेच पेटीतून निघाले पाहिजे, असा दंडक त्यांनी घातला. लोकांचा विश्वास बसला आणि कंपनीची भरभराट झाली. इ. स. १९०८ मध्ये रोझेनवाल्ड कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांची गणना देशातील मोठ्या धनिकांत होऊ लागली.

संपत्ती पुष्कळांना मिळते; तिचे करावे काय, हे थोड्यांनाच सुचते. शिकागोतील ज्यू धर्मगुरू एमिल हर्श यांची प्रवचने रोझेनवाल्ड नित्य ऐकत असत. ज्यू धर्मात दानाकडे केवळ दया म्हणून पाहिले जात नाही. ज्याच्याजवळ अधिक आहे त्याने उणे असलेल्याला त्याचा वाटा पोचवणे, हा न्यायच होय, अशी ती शिकवण आहे. ही शिकवण रोझेनवाल्ड यांच्या मनात खोल रुजली. त्याच सुमारास रशियात ज्यू लोकांच्या वस्त्यांवर हल्ले होत होते. घरे जाळली जात होती. आपल्या धर्मबांधवांचे हे हाल ऐकून त्यांचे मन व्यथित झाले. मात्र त्यांची दृष्टी तेवढ्यावरच थांबली नाही. ज्या देशात आपण सुखाने राहतो, त्या आपल्या देशातही केवळ कातडीच्या रंगामुळे लाखो माणसांना असाच जाच सोसावा लागत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत इ. स. १८६५ पर्यंत कृष्णवर्णीय लोक गुलाम होते. गुलामाला लिहावाचायला शिकवणे तेथे कित्येक ठिकाणी कायद्याने गुन्हा होता. गुलामगिरी संपली, पण जाच संपला नाही. गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या, असा कायदा करण्यात आला. सोयी समान असतील तर त्या वेगळ्या ठेवण्यास हरकत नाही, असा निवाडा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने इ. स. १८९६ मध्ये दिला. त्यातील वेगळेपणा तेवढा कसोशीने पाळला गेला; समानता कागदावरच राहिली. गोऱ्यांच्या शाळांवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने कृष्णवर्णीयांच्या शाळांवर अगदीच तुटपुंजी रक्कम खर्च होई. पुष्कळ खेड्यांत शाळेला घरच नव्हते. एखाद्या चर्चमध्ये नाही तर पडक्या खोपटात वर्ग भरे. छप्पर गळे, फटींतून वारा येई, बसायला धड बाके नसत. शाळाही वर्षाकाठी जेमतेम चारपाच महिने चाले. कारण कापसाच्या हंगामात मुलांना शेतावर राबावे लागे.

अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीय तरुणांसाठी मोठी शिक्षणसंस्था उभारली होती. भुईमुगावरील प्रयोगांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाचे झालेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे याच संस्थेत शिकवीत असत. बुकर वॉशिंग्टन स्वतः गुलामगिरीत जन्मले होते. त्यांचे आत्मचरित्र रोझेनवाल्ड यांच्या वाचनात आले आणि ते भारावून गेले. इ. स. १९११ मध्ये शिकागो येथे दोघांची भेट झाली. त्याच वर्षी रोझेनवाल्ड टस्कीगीला गेले. तेथील विद्यार्थी स्वतः विटा पाडतात, इमारती बांधतात, शेती करतात आणि त्याबरोबर विद्याही शिकतात, हे पाहून त्यांना फार समाधान वाटले. पुढच्याच वर्षी ते त्या संस्थेचे विश्वस्त झाले.

१२ ऑगस्ट १९१२ रोजी रोझेनवाल्ड यांना पन्नास वर्षे पूर्ण झाली. धनिकांच्या वाढदिवशी मेजवान्या झडतात, नजराणे येतात. रोझेनवाल्ड यांनी मात्र त्या दिवशी निरनिराळ्या संस्थांना मोठमोठ्या देणग्या दिल्या. त्यांपैकी २५,००० डॉलर टस्कीगीच्या वाट्याला आले. या रकमेतून सुमारे २,८०० डॉलर शिल्लक उरले. ते परत करण्याऐवजी टस्कीगीच्या आसपासच्या खेड्यांत सहा लहान शाळा बांधण्याकडे लावावेत, अशी परवानगी वॉशिंग्टन यांनी मागितली आणि रोझेनवाल्ड यांनी ती आनंदाने दिली. हजारो शाळांचा तो प्रचंड वृक्ष या उरल्यासुरल्या पैशांच्या बीजातून उगवला.

पहिली शाळा इ. स. १९१३ मध्ये लोचापोका या गावी पुरी झाली. तिचा खर्च ९४२ डॉलर ५० सेंट झाला. त्यातील ३०० डॉलर रोझेनवाल्ड यांचे होते. ३६० डॉलर गावातील गोऱ्या रहिवाशांकडून मिळाले आणि उरलेले २८२ डॉलर ५० सेंट गावच्या कृष्णवर्णीय लोकांनी रोख पैसे आणि अंगमेहनत यांच्या रूपाने दिले. या लहानशा हिशेबात पुढील सर्व कार्याचे मर्म आहे. संपूर्ण शाळा बांधून देणे रोझेनवाल्ड यांना मुळीच कठीण नव्हते. परंतु आयती मिळालेली वस्तू माणूस आपली मानीत नाही आणि तिची निगाही राखीत नाही, हे त्यांना व वॉशिंग्टन यांना ठाऊक होते. शिवाय एका धनिकाने सारा भार उचलला, तर सरकार आपली जबाबदारी झटकून मोकळे होईल, हीही भीती होतीच.

म्हणून देणगीला अटी घालण्यात आल्या. गावकऱ्यांनी आपला वाटा रोख रकमेच्या, जमिनीच्या, लाकूडसामानाच्या किंवा श्रमाच्या रूपाने उचलला पाहिजे. शाळेची जागा व इमारत सार्वजनिक शिक्षणखात्याच्या नावे झाली पाहिजे. खात्यानेही पैसे घातले पाहिजेत, शिक्षक नेमला पाहिजे आणि शाळा कायम चालवली पाहिजे. एवढे झाले म्हणजे मग रोझेनवाल्ड यांचा वाटा मिळे. सारांश, शाळा व्यापाऱ्याच्या मालकीची नव्हती आणि खाजगीही नव्हती. ती सरकारी शाळाच होती. मात्र सरकारला ती बांधावयास लावण्याची युक्ती त्या अटींत होती. रोझेनवाल्ड यांच्याच कंपनीने या शाळांसाठी बांधकामाचे सामान पुरवावे, असाही विचार प्रारंभी पुढे आला होता. पण तो मागे पडला. लाकूड त्या त्या गावच्या आसपास घ्यावे आणि काम गावच्या हातांनी व्हावे, हेच श्रेयस्कर ठरले.

आता गावकऱ्यांचा वाटा कसा जमला, ते पाहू. हे लोक बहुतेक गरीब शेतकरी. त्यांतील पुष्कळजण दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारे. वर्षाअखेर सावकाराचा हिशेब चुकता करून हाती काही उरले तर नशीब! तरीही त्यांनी शाळेसाठी पैसा उभा केला. कोणी आपल्या शेतातील एका तुकड्यातला कापूस शाळेसाठी राखून ठेवला. बायकांनी अंडी आणि कोंबड्या विकल्या. खाद्यपदार्थ करून त्यांची विक्री केली. पुरुषांनी रानातून झाडे तोडून ओंडके वाहून आणले. मुलांनी एकेक सेंट साठवला. अलाबामातील बोलिगी गावच्या सभेत घडलेला प्रसंग तर विसरता येणार नाही. वर्गणी गोळा होत असता गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक वृद्ध पुढे आला. त्याने खिशातून एक जुनी, मळकी पिशवी काढली आणि ती टेबलावर रिकामी केली. आयुष्यभराची ती कमाई मोजली, तेव्हा ३८ डॉलर भरले. ज्याला स्वतःला कधी शाळा दिसली नाही, त्याने आपले सर्वस्व दुसऱ्यांच्या नातवंडांच्या शाळेला वाहिले. शिकागोच्या कोट्यधीशाच्या देणगीपुढे हे दान लहान म्हणावे की मोठे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बुकर वॉशिंग्टन इ. स. १९१५ मध्ये निवर्तले, तरी हे कार्य थांबले नाही. इ. स. १९१७ मध्ये रोझेनवाल्ड यांनी आपल्या नावाचा निधी स्थापन केला. पण शाळांची संख्या भराभर वाढू लागली, तेव्हा काही ठिकाणी बांधकाम कच्चे झाल्याचे तपासणीत दिसून आले. व्यापारात मालाची पारख करणाऱ्या रोझेनवाल्ड यांना हे कसे खपावे? इ. स. १९२० मध्ये या कामासाठी नॅशव्हिल येथे स्वतंत्र कचेरी उघडण्यात आली. सॅम्युएल स्मिथ यांच्याकडे तिची सूत्रे आली आणि शाळांचे नमुना आराखडे तयार झाले. हे आराखडे वाटेल त्या गावाला अल्प खर्चात मिळत.

त्या आराखड्यांतील बारकावे पाहिले म्हणजे शाळेची इमारत हीदेखील कशी विचारपूर्वक घडवावी लागते, हे कळते. खेड्यांत वीज नव्हती. तेव्हा जो काही उजेड मिळायचा तो सूर्याचाच. म्हणून एकमेकींना लागून उंचच उंच खिडक्यांच्या रांगा ठेवण्यात आल्या आणि त्यांची तोंडे पूर्वेला वा पश्चिमेला येतील, अशी इमारतीची मांडणी करण्यात आली. बाके अशी लावीत की उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा. त्यामुळे लिहिताना उजव्या हाताची सावली कागदावर पडत नसे. उजेड खोलीभर पसरावा म्हणून भिंतींना फिका रंग दिला जाई. ओल लागू नये यासाठी इमारत आखूड खांबांवर जमिनीपासून उंच उचललेली असे. हस्तव्यवसायासाठी एक निराळी खोली असे. दोन वर्गांमधील सरकती भिंत बाजूला केली की मोठे दालन तयार होई आणि तेथे सायंकाळी गावाच्या सभा, कीर्तनासारखे भक्तिगीतांचे कार्यक्रम, समारंभ होत. अशा रीतीने शाळा दिवसा मुलांची आणि सायंकाळी साऱ्या गावाची होई. हे आराखडे इतके उपयुक्त ठरले की गोऱ्या मुलांच्या शाळांसाठीही त्यांचा वापर होऊ लागला.

इ. स. १९३२ पर्यंत दक्षिणेतील १५ राज्यांत अशा ४,९७७ शाळा बांधून झाल्या. त्यांच्या जोडीला शिक्षकांची २१७ घरे आणि १६३ कार्यशाळा उभ्या राहिल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. हा पैसा कोठून आला, याचा हिशेब मोठा बोधप्रद आहे. खर्चाच्या प्रत्येक १०० डॉलरांपैकी सुमारे ६४ डॉलर सरकारी तिजोरीतून आले, १५ डॉलर रोझेनवाल्ड यांच्या निधीने दिले आणि ४ डॉलर गोऱ्या नागरिकांनी दिले. उरलेले सुमारे १७ डॉलर गरीब कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी उभे केले. म्हणजे देशातील त्या मोठ्या धनिकाच्या वाट्यापेक्षा कापूस वेचणाऱ्या कुटुंबांचा वाटा अधिक भरला!

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीय लोक इतरांप्रमाणेच कर भरीत होते. त्या करातून त्यांच्या मुलांना शाळा मिळावयास हवी होती. तो त्यांचा हक्क होता. हा हक्क डावलला गेला, म्हणून त्यांना शाळेसाठी पुन्हा एकदा खिशात हात घालावा लागला. एकाच वस्तूची किंमत त्यांनी दोनदा मोजली. शिवाय या शाळा वेगळ्याच राहिल्या. गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांमधील कायद्याची भिंत रोझेनवाल्ड यांच्या निधीने पाडली नाही. त्या भिंतीच्या अलीकडे जे करता येईल तेवढेच त्याने केले. तेवढेही काहींना सहन झाले नाही आणि काही ठिकाणी या शाळांना आगी लावण्याचे प्रकार घडले. पण जळालेली शाळा गावकऱ्यांनी पुन्हा बांधल्याचीही उदाहरणे आहेत. गावाने आपल्या हातांनी उभारलेली वस्तू गाव सहजासहजी सोडीत नाही.

रोझेनवाल्ड यांना आपल्या नावाचा डांगोरा आवडत नसे. शिकागोत त्यांच्या देणगीतून विज्ञान व उद्योग यांचे मोठे संग्रहालय झाले, पण त्याला आपले नाव देऊ नये, असाच त्यांचा आग्रह होता. खेड्यातील लोकांनी मात्र प्रेमाने आपल्या शाळांना रोझेनवाल्ड शाळा म्हटले आणि वर्गात त्यांची तसबीर लावली. इ. स. १९२९ मध्ये अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, तेव्हा कंपनीचे अनेक नोकर बुडण्याच्या बेतात होते. रोझेनवाल्ड यांनी स्वतःच्या संपत्तीची हमी देऊन त्यांना सावरले. दानाविषयी त्यांचा आणखी एक विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पैसा पेटीत साठवून त्याच्या व्याजावर शतकानुशतके संस्था चालवणे त्यांना पसंत नव्हते. प्रत्येक पिढीपुढे तिचे प्रश्न असतात आणि त्यांसाठी दान करणारी माणसेही त्या पिढीत निपजतात, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत निधीची सर्व रक्कम खर्च करून टाकावी, असे त्यांनी ठरवून दिले. ६ जानेवारी १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे पै न पै सत्कार्यी लागून इ. स. १९४८ मध्ये निधी बंद झाला.

या शाळांतून लाखो मुले शिकली. पुढे मोठ्या लेखिका म्हणून प्रसिद्धीस आलेल्या माया अँजेलो आणि समान हक्कांच्या लढ्यात अग्रभागी राहिलेले जॉन लुईस यांनी रोझेनवाल्ड शाळांतच शिक्षणाचे धडे गिरवले. इ. स. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रंगभेदावर उभारलेल्या वेगळ्या शाळा घटनाविरोधी ठरवल्या. त्यानंतर हळूहळू सर्व मुले एकत्र शिकू लागली आणि रोझेनवाल्ड शाळांचे काम संपले. कित्येक इमारती ओस पडून ढासळल्या. पण त्या भिंतींशी ज्यांच्या आठवणी निगडित होत्या, त्यांना त्यांचा विसर पडला नाही. इ. स. २००२ मध्ये या इमारतींचा समावेश देशातील नष्ट होऊ पाहणाऱ्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत झाला आणि त्या वाचवण्याच्या खटपटीला जोर आला. जुन्या विद्यार्थ्यांनी व गावकऱ्यांनी पुन्हा वर्गण्या जमवल्या. काही इमारतींची डागडुजी होऊन तेथे गावाची सभागृहे आणि संग्रहालये झाली.

शाळा कोणी बांधावी, या प्रश्नाचे उत्तर रोझेनवाल्ड यांच्या चरित्रात मिळते. धनिकाने द्यावे, पण मालक होऊ नये. गावाने झटावे, पण हक्क सोडू नये. सरकारने लोकांच्या त्यागाआड न लपता आपला वाटा पुरता उचलावा. यांपैकी एकानेही अंग चोरले, तर त्याचा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर पडतो. आणि बहुधा तो खांदा सर्वांत गरिबाचा असतो. बोलिगीच्या त्या वृद्धाने टेबलावर ओतलेले ३८ डॉलर हेच आपल्याला सांगतात. शाळेच्या स्वच्छ खिडकीतून आपल्या वहीवर ऊन पडते, तेव्हा त्या खिडकीमागे कोणाकोणाचे हात आहेत, याची जाणीव प्रत्येक विद्यार्थ्याने बाळगावी, हे उचित होय.